अडीच, औट आणि डॅनिश पन्नास : भाषा आकडे कसे बांधतात

पाटीपेन्सिल

डेन्मार्कमध्ये पन्नासला 'हालट्रेस' म्हणतात. हा झिजून आखूड झालेला शब्द आहे. जुन्या पूर्ण शब्दाची फोड केली तर चार तुकडे हाती लागतात : 'हाल्व' म्हणजे अर्धा, 'ट्रेड्ये' म्हणजे तिसरा, 'सिने' म्हणजे वेळा आणि 'ट्यूवे' म्हणजे वीस. अर्धा-तिसरा वेळा वीस. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्ध्यावर आला, म्हणजे झाले अडीच. अडीच विसा पन्नास.

हे ऐकून लोक म्हणतात, काय विचित्र भाषा आहे! पण आपला 'अडीच' अगदी असाच घडला आहे. संस्कृतात 'अर्धतृतीय', प्राकृतात 'अड्ढाइज्ज', मराठीत 'अडीच'. 'दीड'च्या मुळाशी 'द्व्यर्ध' आहे, म्हणजे दुसरा अर्धा. साडेतीनला आपल्याकडे 'औट' असा स्वतंत्र शब्द होता, तो 'अर्धचतुर्थ'वरून प्राकृत 'अद्धुट्ठ' होऊन आला. औट हात देह म्हणजे साडेतीन हात. औट घटकेचं राज्य म्हणजे साडेतीन घटकांचं राज्य. घटका २४ मिनिटांची, तेव्हा ते राज्य ८४ मिनिटांत आटोपतं. आणि डॅनिशमधलं सत्तर, 'हालफ्येर्स', म्हणजे 'अर्धा-चौथा' गुणिले वीस, आपल्या भाषेत औट विसा.

डॅनिश ही उत्तर युरोपातली भाषा, आपली दख्खनची. दोन्हीकडे माणसांनी अपूर्णांक मोजताना एकच विचार केला : 'किती झाले' यापेक्षा 'कितवा चालू आहे आणि तो कुठवर आलाय'. रशियनमध्ये दीडला 'पल्तरा' म्हणतात, तोही अर्धा-दुसराच. जर्मन 'आन्डर्टहाल्ब' तसाच. रोमन लोकांचं सेस्टर्शियस नावाचं नाणं मुळात अडीच 'आस' किमतीचं होतं आणि त्याच्या नावाचा अर्थही 'अर्धा तिसरा' असाच आहे.

हा धागा काढायचं कारण वेगळं आहे. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला गदारोळ बऱ्याच जणांना आठवत असेल. 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक', 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन'. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांची ही नावं आणि बोलण्या-लिहिण्यातला उलटसुलट क्रम यांमुळे लहान मुलं गणिताला बिचकतात, आणि दक्षिणेकडच्या भाषांत क्रम सरळ आहे. त्यावर घराघरांत वाद झाले, विधानसभेत झाले. मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मला नारळीकरबाईंचा मुद्दा पटतो. सहा-सात वर्षांचं मूल 'त्रेसष्ट' ऐकून आधी ३ लिहितं आणि मग ६ कुठे लिहायचा या विचारात अडकतं, हे मी रोज बघते.

पण त्या सगळ्या वादात पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांचं नावही कुणी काढलं नाही. मराठीतलं सगळ्यात समृद्ध अंकगणित तिथे आहे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत चाललंय. चौथीच्या मुलांना 'पावणेदोनशे' म्हणजे किती ते सांगता येत नाही. इतर भाषांमध्ये राहणाऱ्या, इतर भाषा शिकणाऱ्या सगळ्यांनी इथे लिहावं : तिकडे आकडे कसे बांधतात, पाढे कसे म्हणतात, आणि मुलांना काय सोपं जातं?


कृष्णाकाठ

निपाणीचा आहे, त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात कन्नड. दक्षिणेचा मुद्दा आला म्हणून लिहितो. कन्नडमध्ये पन्नास 'ऐवत्तु', दोन 'एरडु', बावन्न 'ऐवत्तेरडु'. वीस 'इप्पत्तु', एकवीस 'इप्पत्तोंदु'. शंभरपर्यंत हीच रीत. दशकांची नावं आणि एक ते नऊ एवढं पाठ झालं की संपलं. मराठीत शंभरच्या शंभर नावं पाठ करावी लागतात.

मात्र कन्नडमध्ये अडीच म्हणजे 'एरडूवरे', सरळ दोन-आणि-अर्धा. दीड 'ओंदूवरे'. नियमितपणा तिथेही आहे, पण अडीच-औटसारखा स्वतंत्र शब्द नाही. आणि नऊ बघा : 'ओंबत्तु'. त्यात 'ओंदु' आणि 'पत्तु' दोन्ही दडलेत, म्हणजे दहाला एक कमी. आपण एकोणीस, एकोणतीस असे दशकाच्या दाराशी जाऊन एक वजा करतो, ते काम त्यांनी नऊवरच उरकलंय.


उत्तरध्रुव

नॉर्वेत राहतो. 'एकवीस' की 'वीस एक' हा प्रश्न या देशाने सरकारी पातळीवर सोडवला आहे. पूर्वी इथेही 'पाच-आणि-वीस' असंच म्हणत, डॅनिश-जर्मनसारखं. टेलिफोनचा पसारा वाढला तसे तोंडी सांगितलेले क्रमांक चुकू लागले, टेलिफोन खात्याने क्रम बदलायची मागणी केली, संसदेने ती मान्य केली, आणि १ जुलै १९५१ पासून शाळा, रेडिओ, सरकारी कचेऱ्या यांनी 'वीस-पाच' म्हणायचं ठरलं.

आता सत्तर वर्षं उलटून गेली. शाळेत, बातम्यांत, दुकानात नवा क्रम पक्का आहे. पण म्हातारी माणसं वय सांगताना अजून 'पाच-आणि-सत्तर' म्हणतात, आणि काही तरुणही घरात ऐकलेला जुना क्रम सहज वापरतात. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात, त्यावरून कुणी भांडत नाही. म्हणून २०१९ चा वाद मला फार जिव्हारी लागला होता. 'त्रेसष्ट' मरेल या भीतीने 'साठ तीन' नाकारायची गरज नव्हती. बोलीतला शब्द पाठ्यपुस्तकाच्या एका पानाने मरत नाही.


पाटीपेन्सिल

@उत्तरध्रुव, ही माहिती माझ्या शाळेतल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवणार आहे. चेक भाषेत तर आजही दोन्ही क्रम चालतात, वीस-पाच आणि पाच-वीस. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेक मुलांना दोन्ही प्रकारे आकडे सांगून लिहायला लावले होते. तीच मुलं, तीच भाषा, पण एकक आधी उच्चारला की अंकांची अदलाबदल करण्याच्या चुका वाढल्या. म्हणजे दोष मुलांच्या बुद्धीत शोधण्याचं कारण नाही.


माळव्यातली

इंदूरला वाढले, मराठी घर, हिंदी शाळा. औट वाचून उडीच मारली! आमच्याकडे आजोबा जे हिंदी पाढे म्हणायचे त्यांत साडेतीनाला 'हूँठा' होता. म्हणजे औट आणि हूँठा सख्खी भावंडं. आणि त्याच्या पुढे आणखी होते : साडेचारचा 'ढौंचा', साडेपाचचा 'पहुँचा'. ढौंचा म्हणजे अर्धा-पाचवा असणार. मग डॅनिशमध्ये नव्वदला काय म्हणतात? साडेचार विसा नव्वद होतात!


पाटीपेन्सिल

@माळव्यातली, अगदी बरोबर. नव्वदला 'हालफेम्स', अर्धा-पाचवा गुणिले वीस. तुमच्या आजोबांचा ढौंचा कोपनहेगनच्या भाजीबाजारात रोज वापरला जातोय. साठ आणि ऐंशी मात्र सरळ आहेत, तीन विसा आणि चार विसा.


खतावणी

निवृत्त हिशेबनीस. वडिलांचं धान्याचं दुकान होतं, त्यामुळे पावकी ते औटकी ही पोटापाण्याची विद्या होती. ती का होती आणि का गेली, ते सांगतो.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. म्हणजे पाव रुपया चार आणे, अर्धा आठ, पाऊण बारा. वजनमापंही अशीच : शेर, अर्धा शेर, पावशेर, नवटाक. सगळी व्यवस्था अर्ध्या-अर्ध्याने चिरत गेलेली. तीत दशांश अपूर्णांकाचं काही काम नव्हतं. पाव, अर्धा, पाऊण यांनीच हिशेब व्हायचा. गिऱ्हाईक म्हणालं, 'सव्वा रुपया शेराने सोळा शेर द्या', की सवायकीतून तोंडावर वीस रुपये. कागद लागत नसे.

लिहायची पद्धतही सुंदर होती. पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे दोनानंतर आणखी एक. सव्वातीन लिहायचे ३।, साडेतीन ३॥, पावणेचार ३॥।. बोलताना 'पावणेचार' असं चारातून पाव वजा करायचं आणि लिहिताना तीनावर पाऊण चढवायचा. दोन्ही वाटा मुलाच्या डोक्यात एकाच वेळी तयार व्हायच्या. आमच्या पिढीचं तोंडी गणित इतकं पक्कं होतं त्याचं मी हे एक मोठं कारण मानतो. औटकी अशी :

३॥, ७, १०॥, १४, १७॥, २१, २४॥, २८, ३१॥, ३५.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. चिरफळ्यांचं गणित दहाच्या गणितापुढे मागे पडलं. ते व्हायलाच हवं होतं, दशमान पद्धतीने देशाचा व्यवहार सोपा केला यात शंका नाही. पण दहाच्या व्यवहारातही पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर टक्के रोज लागतात. तिथे पावकी, निमकी, पाऊणकी आजही जशीच्या तशी उपयोगी आहे. हे पाढे शाळेने सोडले ते निरुपयोगी झाले म्हणून नव्हे, पुस्तकातली मापं बदलली म्हणून.


इसारकाठ

म्युनिकजवळ राहते, मुलगा इथल्या शाळेत दुसरीत. जर्मनमध्ये एकवीस 'आइन-उंड-ट्स्वान्त्सिग', एक-आणि-वीस. घरी आम्ही 'एकवीस'च म्हणतो, त्यामुळे मराठी आणि जर्मन यांची त्याच्या डोक्यात छान जोडी जमली आहे. त्याची इंग्रजी बोलणारी वर्गमैत्रीण मात्र दोन क्रमांमध्ये अडकते. इथेही सरळ क्रमाची मागणी करणारी 'ट्स्वान्त्सिगआइन्स' नावाची संस्था आहे, तिचं नावच 'वीसएक'. तिचं म्हणणंही सरसकट बदला असं नाही, दोन्ही शिकवा असं आहे.

भारतातून नव्याने येणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट : जर्मनमध्ये घड्याळ 'हाल्प आख्ट' म्हणजे 'अर्धे आठ' झालं म्हणाले, तर वाजलेले असतात साडेसात. आठवा तास अर्ध्यावर आलाय, असा विचार. वर पाटीपेन्सिल यांनी अडीचची जी फोड केली तीच ही. मी हे आज पहिल्यांदा जोडून पाहिलं आणि फार आनंद झाला. अडीच म्हणजे अर्धा-तिसरा हे मराठी माणसाला ठाऊक असलं की जर्मन घड्याळ पाठ करावं लागत नाही.


समुद्रकिनारी

एक शंका. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... एकोणनव्वद इथवर सगळं 'एक उणे' आहे. मग नव्याण्णव का? 'एकोणशंभर' का नाही? आणि पन्नासचं बावन्न-त्रेपन्न, सत्तरचं बाहत्तर, नव्वदचं ब्याण्णव का होतं? हे कुणी ठरवलं?


शब्दवेल्हाळ

@समुद्रकिनारी, कुणी ठरवलं नाही, म्हणूनच ते असं आहे. मराठीने 'दोन' आणि 'पन्नास' जोडून 'बावन्न' केला नाही. संस्कृत 'द्वापञ्चाशत्' हा तयार शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलताना झिजला आणि बावन्न झाला. 'पञ्चाशत्' एकटा उभा होता तिथे त्याचा पन्नास झाला, जोडीत होता तिथे कुठे 'वन्न', कुठे 'पन्न'. 'सप्तति'चा एकटा सत्तर झाला, पण जोडीत 'स'चा 'ह' झाला : बाहत्तर, त्र्याहत्तर. नव्वद आणि ण्णव दोन्ही 'नवति'च. म्हणजे ही शंभर नावं म्हणजे शंभर स्वतंत्र गोटे आहेत, नदीतून घासत आलेले.

'नव्याण्णव'मागे 'नवनवति' आहे, नऊ-आणि-नव्वद. हिंदी याबाबतीत एक पाऊल आधी वळते : ७९ 'उन्यासी' पण ८९ 'नवासी'. मराठीने 'एकोणनव्वद' राखला. लॅटिनमध्ये हीच वजाबाकी दोनापर्यंत जाते : एकोणीस 'वीसला एक कमी' आणि अठरासुद्धा 'वीसला दोन कमी'.

वजाबाकीचा खरा डोंगर बघायचा तर नायजेरियातल्या योरुबा भाषेत. तिथे पंधरा ते एकोणीस वीसातून वजा करून सांगतात. पन्नास म्हणजे तीन विसांना दहा कमी. आणि पंचेचाळीस म्हणजे त्या पन्नासला पाच कमी. एका शब्दात एक गुणाकार आणि दोन वजाबाक्या, आणि बाजारात बसलेली बाई तो शब्द सहज बोलते. वेल्श भाषेत अठराचं जुनं नाव 'दोन नव्वे' आणि शेजारच्या ब्रेटन भाषेत तेच अठरा 'तीन सक'. आपल्या पाढ्यातल्या दोन ओळी त्यांनी आकड्यांची नावं म्हणून वापरल्या!

फ्रेंचमधलं 'चार-वीस-दहा-नऊ' म्हणजे नव्याण्णव हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुईने तीनशे अंधांसाठी काढलेल्या संस्थेचं नाव 'कॅंझ-व्हॅं' आहे, 'पंधरा-वीस'. पंधरा विसा तीनशे. आज ते डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे आणि नाव तेच आहे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचमध्ये मात्र सत्तर आणि नव्वदला सरळ एकेका शब्दाची नावं आहेत.


साकुरागाव

जपानमध्ये नोकरी करतो. पाढ्यांबद्दल लिहितो, कारण ते वाचून मराठी माणसाला लगेच घरच्यासारखं वाटेल.

इथे पाढ्यांना 'कुकु' म्हणतात, म्हणजे 'नऊ-नऊ'. चीनमधून आलेलं नाव आहे. जुन्या काळी पाढे 'नऊ नव्वे एक्क्याऐंशी'पासून उलटे म्हणत. मुलं दुसरीत हे पाठ करतात, नऊ नव्वेपर्यंत, एकूण ८१ ओळी. महत्त्वाची गोष्ट ही की पाढ्यात आकड्यांची रोजची रूपं चालत नाहीत. तीन 'सान', सहा 'रोकु', पण तीन सक अठरा म्हणताना 'साबुरोकु ज्यूहाचि'. आठ 'हाचि', पण आठ आठे चौसष्टला 'हाप्पा रोकुज्यूशि'. आपणही 'दोन गुणिले तीन बरोबर सहा' म्हणत नाही, 'बे त्रिक सहा' म्हणतो. बे, त्रिक, चोक, सक ही फक्त पाढ्यातली माणसं. क्रियापद गेलं, उरला ठेका, आणि ठेक्यामुळे ओळ जन्मभर तोंडात राहते. उत्तर एकअंकी असेल तर जपानी मध्ये एक 'गा' घालतात, 'निनिन्-गा शि', बे दुणे चार. ठेका भरून निघतो.

मोठ्या संख्यांत मात्र गोंधळ. इथे हजारानंतरचं एकक दहा हजाराचं, त्याला 'मान' म्हणतात. लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान. पुढचं एकक 'ओकु', दहा कोटी. पण स्वल्पविराम देतात पाश्चात्त्य पद्धतीने तीन-तीन अंकांवर. बोलणं चाराच्या गटात, लिहिणं तीनाच्या. आपलं १२,३४,५६७ बघा : स्वल्पविराम जिथे, तिथेच आवाज थांबतो, बारा लाख, चौतीस हजार, पाचशे सदुसष्ट. इतकं जुळलेलं लेखन असताना आपल्याच वर्तमानपत्रांत आता 'मिलियन' वाचावं लागतं, याचं वाईट वाटतं.


कृष्णाकाठ

@साकुरागाव, त्यात भर : मराठी 'खर्व' आणि हिंदी 'खरब' एकच समजू नका. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व अशी दहादहापटीने चढण आहे, त्यामुळे खर्व म्हणजे १ वर १० शून्यं. आजच्या हिंदीत खरब म्हणजे १ वर ११ शून्यं. भाषांतर करणाऱ्यांनी दहापट चूक होणार नाही याची काळजी घ्यावी.


चिखलदरा

मेळघाटात शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुलं कोरकू बोलणारी. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, आणि या कुळात विसाच्या गटाने मोजायची जुनी रीत आहे. मराठी खेड्यांतल्या म्हाताऱ्याही 'दोन विसा दहा' म्हणायच्या, मेंढ्यांची खंडी म्हणजे वीस, धान्याची खंडी वीस मणांची. त्यामुळे मी शतक शिकवण्याआधी विसाच्या जुड्या बांधायला लावतो. हातापायांची बोटं मिळून वीस, ही गोष्ट मुलाला सांगावी लागत नाही. मग दोन जुड्या आणि दहा म्हणजे पन्नास, तिथून दहाच्या जुड्यांवर जाणं सोपं होतं. 'वीस एक' की 'एकवीस' हा प्रश्न शहरातल्या मराठी मुलांपुरता ठीक आहे. जी मुलं घरी मराठीच बोलत नाहीत, त्यांच्यासाठी नियमित नावं म्हणजे फार मोठा आधार आहे. माझ्या वर्गात मी गेली काही वर्षं दोन्ही एकत्र वापरतो. फळ्यावर 'साठ तीन', तोंडाने 'त्रेसष्ट'.


खतावणी

@चिखलदरा सर, हे फार मोलाचं काम करताय. जमलं तर सवायकीही घ्या. जुडीची सव्वापट म्हणजे पंचवीस काड्या, मुलांना हाताने मोजता येईल.


इसारकाठ

अपूर्णांक वाचण्याबद्दल कुणाला माहिती आहे का? ३/४ ला आपण 'तीन छेद चार' म्हणतो, म्हणजे आधी वरचा. मुलाच्या वर्गातली तुर्की मैत्रीण उलटं सांगते म्हणाला.


शब्दवेल्हाळ

बरोबर सांगते ती. तुर्कीत तीन चतुर्थांश म्हणजे 'चारात तीन', आधी छेद, मग अंश. चिनी आणि जपानीतही तसंच, 'चार भागांतले तीन'. आधी वस्तूचे भाग करायचे, मग त्यांतले उचलायचे. करण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम एक. टक्केवारीतही तुर्की 'शंभरात पाच' म्हणते, चिनी 'शंभर भागांतले पाच'.

मराठीत हा क्रम नाही असं समजू नका. 'शेकडा पाच' हा तोच क्रम आहे, आणि व्याजाचा दर आपण कित्येक पिढ्या तसाच सांगत आलोय. मुलांना अपूर्णांक नव्याने शिकवताना 'तीन छेद चार'च्या आधी काही दिवस 'चारातले तीन' म्हणून घेऊन बघा. @पाटीपेन्सिल, तुमच्या वर्गात केलंत तर इथे नक्की लिहा.


पाटीपेन्सिल

पुढच्या आठवड्यात चौथीला अपूर्णांकच आहेत. 'चारातले तीन'पासून सुरू करते, आणि त्याच तासाला पाऊणकी घेते. खतावणी काका, पाऊणकी रेघांच्या खुणांसकट पूर्ण लिहून द्याल का? फळ्यावर तशीच उतरवेन.


खतावणी

घ्या : ॥।, १॥, २।, ३, ३॥।, ४॥, ५।, ६, ६॥।, ७॥.

दर चौथ्या घराला रेघ नाही. मुलांना ते आधी स्वतः शोधू द्या, सांगू नका.